जातो म्हणू नये

घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे आपल्याकडं शेंबडं पोरही जाणतं. का म्हणू नये ते कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर सांगणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. वलगावच्या पार्बताबाईला मात्र ते पक्कं ठाऊक होतं. ते कारण तिनं कितीतरी वर्षं पोटात ठेवलं होतं, आणि ते पोटात घेऊनच ती रोज मेथीच्या जुड्या बांधत होती.

तिचं माहेर अकोल्याकडचं, मूर्तिजापूरच्या अलीकडलं. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती वलगावला पुंजाराम माळ्याच्या घरी आली. पेढीच्या काठाला दीड एकराचा मळा. मेथी, पालक, वांगी, बांधानं झेंडू आणि बाराही महिने सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला सांबार म्हटलं की तो इडली कुठाय म्हणून बघतो, पण तो त्याच्या अडाणीपणाचा भाग झाला. पार्बताबाई कामाला वाघ आणि जिभेला मिरची. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला ती असं काही सुनवायची की ते पुढच्या वेळी मुकाट तिच्याकडंच यायचं. दुसरीकडं गेलो तर ही पाठीमागून काय बोलेल, याची त्याला धास्ती.

पुंजाराम रोज सकाळी लुनाला पोती बांधून अमरावतीच्या बाजारात जायचा. निघताना उंबऱ्यापाशी थांबून “येतो वं” म्हणायचा, आणि ही आतून “या” म्हणायची. इतक्या वर्षांत त्यात खंड नव्हता. एक दिवस मात्र सांबाराच्या मुळांना माती राहिली म्हणून तो तिच्यावर करवादला.

“मुळाले माती तशीच ठेवली. गिऱ्हाईक काय माती खाईन?”

“मंग सोता धुवा,” ती म्हणाली. “मले दोनच हात हायेत.”

“जातो मी. बस तू त्या मातीतच,” असं म्हणून त्यानं लुनाला किक मारली आणि गेला. बाजारात पोतं उतरवता उतरवता तो छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. दुपारी त्याला टेम्पोतून घरी आणलं.

छातीचं दुखणं त्याला वर्षभर होतं, तो अंगावर काढत होता, असं डॉक्टर म्हणाले. तिच्या डोक्याला ते पटलं. पण डोक्याला पटलं की मनाला पटतं असं कुठं आहे? तो ‘जातो’ म्हणाला होता आणि तिनं त्याला परत बोलावून ‘येतो’ म्हणायला लावलं नव्हतं. सवाष्ण बायकोला एवढं कळू नये? हे तिनं कुणाला सांगितलं नाही, पोटच्या पोरालाही नाही. तेव्हापासून तो शब्द तिनं तोंडातून काढून टाकला. एसटी गेली का, लाईट गेली का, असल्या बोलण्यात चालायचा. पण माणसाच्या बाबतीत कधी नाही.

तिचा पोरगा कुंदन. त्यानं काही वर्षं मळा केला. पण दीड एकर म्हणजे किती? दोघांचं पोट त्यात भरत होतं, पाचांचं भरेना. कुंदन चाकणला एका कंपनीत लागला. मेसचं खाऊन खाऊन वर्षभरात त्याच्या पोटाची चाळण झाली, तेव्हा सून वर्षालीनंही तिकडं जायचं ठरलं. तिला एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायचं काम मिळत होतं. राहायला एक खोली, तीही मधे पडदा लावून दुसऱ्या जोडप्याबरोबर. त्यात लेकरं कुठं ठेवणार? मोठी आचल पाच वर्षांची, धाकटा पियुष अकरा महिन्यांचा.

“सहाच महिने, आई,” कुंदन म्हणाला. “खोली भेटली का घेऊन जातो.”

सगळे सहाच महिने म्हणतात. कुणी पाच म्हणत नाही, कुणी सात म्हणत नाही. पार्बताबाई म्हणाली, “ठेवा. माये हात काई झडले नाई.” दुधापेक्षा साय गोड, असं लोक नातवंडांबद्दल मोठ्या कौतुकानं बोलतात. बोलणाऱ्यांनी साठीच्या गुडघ्यांवर सायीची दुपटी धुतलेली नसतात.

संक्रांतीनंतर आठ दिवसांनी दोघं दुपारच्या बसनं निघाले. वर्षालीनं पियुषला सासूच्या कडेवर दिलं. त्याला नुकतंच वरच्या दुधावर घातलं होतं आणि तिची छाती अजून ओलावत होती. आचलच्या तोंडावरून हात फिरवून ती म्हणाली, “येतो बरं माय.” वऱ्हाडात बाईसुद्धा ‘येतो’च म्हणते. आचलनं मान डोलावली. ते फाट्याकडं वळताच ती आत गेली, संक्रांतीला घेतलेला फ्रॉक तिनं अंगात घातला, केसांना पाणी लावून भांग काढला आणि उंबऱ्यावर येऊन बसली.

पार्बताबाई पियुषला गप्प करण्यात गुंतलेली. दिवेलागणीला तिचं लक्ष गेलं.

“आत ये वं. थंडी पडून राहिली.”

“आई येऊन राहिली न.”

“कोन म्हने?”

“आईच म्हनली. येतो म्हनली.”

पार्बताबाईला आधी हसू आलं. मग ते तिथंच विरलं. पोरीनं त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही, उंबऱ्यावरच झोपी गेली. दोन दिवसांत विसरेल, लेकराचं ध्यान ते काय, असं आजीला वाटलं. पोरगी विसरली नाही. रोज शाळेतून आली की ती तो फ्रॉक घालायची आणि दारात बसायची. फ्रॉकची घडी मोडली, पुढून डाग पडले, तरी तोच.

नवव्या दिवशी वर्षालीचा फोन आला. शेजारच्या पिंकीनं, म्हणजे मनोजच्या बायकोनं, आपल्या मोबाइलवर चेहरा दिसेल असा लावून दिला. वर्षाली बोलली, रडली, हसली आणि कॅन्टीनची घंटा झाली तशी घाईनं म्हणाली, “येतो बरं, आचल!” आचलनं मोबाइल पिंकीच्या हातात कोंबला. पार्बताबाई पियुषला दूध पाजायला आत वळली, आणि बाहेर येऊन बघते तर पोरगी नाही.

ती कडेवर लेकरू घेऊन पळाली. आधी मळ्यात, मग विहिरीवर. विहिरीत तिनं काठाला हात टेकून वाकून पाहिलं. पाणी स्वच्छ होतं. मग शाळा, मग नदी. शेवटी फाट्यावर, बस थांबते तिथल्या ओट्यावर पोरगी बसलेली सापडली. येणारी प्रत्येक गाडी ती चाकापासून टपापर्यंत बघत होती. पार्बताबाईनं आधी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला पोटाशी धरून रस्त्यातच फतकल मारली. कडेवरचं लेकरू, पोटाशी पोरगी आणि मधे ती, तिघंही रडले. जाणारे-येणारे बघत होते, बघू दे.

“आजी, लोक खोटं काहून बोलते?” आचलनं विचारलं. “जाऊन राहिले अन् येतो म्हनते.”

याला उत्तर होतं. पण ते पाच वर्षांच्या पोरीला सांगायचं नव्हतं, आणि साठ वर्षांच्या बाईला उच्चारायचं नव्हतं. पार्बताबाईनं पदरानं तिचं नाक पुसलं आणि तिथंच, धुळीत बसून, पोरीशी करार केला.

“आइक. आपल्या घरात येतो म्हनलं त दिवा लागाच्या आंधी घरी याचं. ज्याले याचं नसन त्यानं येतो म्हनाचंच नाई.”

“मंग काय म्हनाचं?”

“काईच नाई म्हनाचं.”

आचलनं विचार केला. “नाई. जातो म्हनाचं. जातो म्हनलं का मंग मी वाट नाई पायत.”

तोच शब्द पार्बताबाईनं तोंडातून काढून टाकला होता. पण पोरगी तोंडाकडं बघत होती, आणि तिच्या त्या बघण्यापुढं काही चालेना. “हाव,” ती म्हणाली.

त्या दिवसानंतर फ्रॉक खुंटीवर गेला.

करार करणं सोपं, पाळणं अवघड. मंगळवारी आणि शुक्रवारी पार्बताबाई भाजी घेऊन अमरावतीला जायची. पियुषला पिंकीकडं ठेवायची, आचलला शाळेत सोडायची आणि शाळेच्या फाटकाशी म्हणायची, “येतो वं.” तेवढा एक शब्द देऊन ठेवला की दिवसभर तिच्या पायाला भिंगरी. चार वाजले की पाटीत अर्धा माल असला तरी ती उठायची. बाजारात शेजारी बसणाऱ्या बायका हसायच्या. “काय व पार्बता, घरी नवरी बसली हाय काय?” म्हणायच्या. ती उरलेली मेथी त्यांच्याच ढिगावर टाकून बसकडं पळायची.

आणि एक दिवस बस बंद पडली. वलगाव पाच किलोमीटरवर राहिलं असताना इंजिनातून धूर निघाला आणि ड्रायव्हर बोनेट उघडून उगाच आत बघत राहिला, बघितल्यानं दुरुस्त होते तशी. सूर्य बाभळींच्या मागं गेलेला. पार्बताबाई थोडी थांबली आणि मग रिकामी पाटी डोक्यावर घेऊन चालायलाच लागली. गुडघे ठणकत होते. तिनं ऑटोला हात केले, ते भरलेले. रस्त्याकडेच्या घरांत एकेक दिवा लागत होता, आणि प्रत्येक दिवा तिला टोचत होता. पोरगी आता पुन्हा उंबऱ्यावर बसली असेल, पुन्हा तो फ्रॉक घातला असेल, आणि आता आपलाही शब्द खोटा पडला, म्हणजे तिला या जगात खरं बोलणारं कुणीच उरलं नाही. हे सगळं मनात घोकत ती गल्लीत शिरली तेव्हा पूर्ण अंधारलं होतं. सगळ्या घरांत उजेड, फक्त तिच्या घरात नाही.

“आचल! पियुष!” ती दारातूनच ओरडली.

“इथीच हाओत,” आतून आवाज आला.

आणि खटकन दिवा लागला. आचल भिंतीशी स्टुलावर उभी होती, हात बटनावर. खाली पिंकीकडून आणलेला पियुष भुईवर बसून बिस्किट चघळत होता, अंधारात त्याला मुंग्या चावल्या होत्या.

“काहून वं, अंधारात काहून बसल्या?”

“दिवा लावला असता त तू खोटी पडली असती न,” आचल म्हणाली. “दिवा लागाच्या आंधी आली तू.”

पार्बताबाईनं पाटी खाली ठेवली. त्या पोरीनं अंधारात, भावाला धरून, आजीचा शब्द राखला होता. तेव्हापासून त्या घरात ती रीतच पडली. आजी आल्याशिवाय दिवा लागायचा नाही. पिंकी म्हणायची, “काकी, तुमच्या घरचा दिवा पाहून समजते, तुमी आल्या का नाई.”

सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची दोन. पियुष चालायला लागला, बोलायला लागला आणि आजीला ‘माय’ म्हणायला लागला. पार्बताबाईनं त्याला खूप शिकवलं, “मी आजी, माय तठी चाकनले हाय.” तो मोबाइलकडं बोट करायचा आणि म्हणायचा, “ते वर्षाली.” बाहेर ती हे हसून सांगायची. आत मात्र तिला सुनेची कीव यायची, आणि खोटं कशाला बोला, थोडं सुखही वाटायचं. त्या सुखाची तिला लाज वाटायची.

दर दिवाळीला दोघं चार दिवस येत. दुसऱ्या दिवाळीला निघताना वर्षाली सवयीनं म्हणाली, “येतो बरं.” आचल दारात आडवी उभी राहिली.

“जातो म्हन.”

“हट! असं म्हनू नाई, माय.”

“मंग आज सांजी येशीन का?”

वर्षालीचा चेहरा उतरला. तिनं सासूकडं पाहिलं. “काय शिकवलं हे माया लेकराले? अमंगय बोलाले शिकवलं?”

जिभेला मिरची असलेली बाई त्या दिवशी मुकी झाली. काय सांगणार? तुझी पोरगी नऊ दिवस उंबऱ्यावर बसली, विहिरीत मी वाकून पाहिलं, हे कधी सुनेला कळवलं नव्हतं. परगावी राबणाऱ्या माणसाला असल्या गोष्टी कळवून काय करायचं? वर्षालीनं पदर डोळ्याला लावला आणि ‘येतो’ही न म्हणता, ‘जातो’ही न म्हणता ती बसमध्ये चढली. फोनवर मात्र त्यानंतर ती शेवटी ‘ठेवतो’ म्हणायला लागली. तिलाही कुठंतरी कळलं असावं.

मग पार्बताबाईचा डोळा अधू झाला. म्हणजे मोतीबिंदू पिकला, मेथीत गवत कोणतं नि पान कोणतं ते दिसेना. अमरावतीच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं, एक रात्र तिथं राहावं लागणार होतं. लेकरांना पिंकीकडं सोपवलं. पिशवीत लुगडं, तांब्या घालून ती निघाली आणि फाटकाशी येऊन थांबली. आचल आता सात वर्षांची होती. ती नुसती बघत होती.

“सांजी येशीन?”

“नाई वं. उद्या.”

आचल ‘जातो म्हण’ असं म्हणाली नाही. तिनं आजीवर सोडलं. पार्बताबाईला पुंजाराम दिसला, लुना दिसली, मुळाची माती दिसली. आता म्हटलं तर कदाचित आपणही टेम्पोतूनच येऊ. नाही म्हटलं तर ही पोरगी आज अंधारात बसेल. तिनं डोळे मिटले.

“जातो,” ती म्हणाली.

“बरं,” आचल म्हणाली. “मंग आज मी दिवा लावतो.”

टेबलावर झोपल्यावर डॉक्टर विचारत होते, आजी भीती वाटते का. तिला डोळ्याची भीती नव्हतीच. रात्रभर ती पट्टीखाली जागी राहिली आणि छातीवर हात ठेवून ठोका चालू आहे का बघत राहिली. चालू होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती धडधाकट घरी आली, डोळ्याला हिरवी पट्टी, हातात लेकरांसाठी केळी. ओसरीत बसली आणि एकाएकी ओक्साबोक्शी रडायला लागली. पिंकी म्हणाली, “काकी, रडू नोका, टाके तुटतीन.” तिला काय ठाऊक? पार्बताबाई कितीतरी वर्षांनी पुंजारामासाठी नीट रडत होती. शब्दानं माणूस मरत नाही. त्याला त्याचं छातीचं दुखणं घेऊन गेलं होतं, आणि ती उगाच इतके दिवस स्वतःला खात होती. हे तिला एका सात वर्षांच्या पोरीनं शिकवलं, आणि शिकवलं हे त्या पोरीला माहीतही नव्हतं.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात कुंदनचा फोन आला. खोल्या मिळाल्या, दोन, पडदा नाही. शाळेत दोघांचं नाव घातलं. जूनच्या आत घेऊन जातो.

“तू बी चल, आई,” तो म्हणाला. मनापासून म्हणाला.

“मी तठी येऊन काय करू? सांबार मागतलं त लोक हॉटेल दाखवतीन,” ती म्हणाली आणि हसली. मळा कुणावर टाकणार, दारातल्या म्हशीचं काय करणार, आणि दोन खोल्यांत म्हातारी कुठं निजणार, हे तिनं मनात आधीच मोजून ठेवलं होतं. लेकरं आईबापाजवळ असावीत, हे तीच गावभर सांगत होती. आता सांगितलेलं खरं झालं, तर रडायचं कशाला?

तिनं शेवटचे आठ दिवस सांडगे, पापड, कुरड्या केल्या. पियुषला रोज समजावलं, “आता वर्षालीले आई म्हनाचं.” तो विचारायचा, “मंग तुले काय म्हनू?” ती म्हणायची, “आजी म्हन.” तो नाही म्हणायचा. आचल काहीच विचारत नव्हती. ती दिवसभर आजीबरोबर जुड्या बांधायची आणि मुळांची माती दोनदा धुवायची.

निघायच्या दिवशी दुपारी सगळे फाट्यावर आले. पिंकी आली, मनोज सामान घेऊन आला. पियुषनं आजीच्या लुगड्याला दोन्ही हातांनी धरलं होतं, वर्षालीनं त्याची बोटं एकेक करून सोडवली. तिला तसं करताना स्वतःलाच रडू आवरेना, आणि पार्बताबाईला तिचा राग आला नाही, तिच्याविषयी माया वाटली. बस आली. कुंदन पाया पडला. “येतो, आई,” म्हणाला. ती “ये” म्हणाली. मोठ्यांचं तसंच असतं, त्यांच्याशी करार नव्हता.

आचल खिडकीशी बसली. वर्षालीनं आतून तिला ढोसलं. “आजीले येतो म्हन, माय. नीट म्हन.”

पार्बताबाई खिडकीखाली उभी होती. काही महिन्यांमागं ‘जातो’ म्हणून ती जिवंत परत आली होती, शब्दाची भीती संपली होती. तरी त्या घडीला तिला वाटलं, एकदा, फक्त एकदा पोरीनं खोटं बोलावं. ‘येतो’ म्हणावं. आपण काही त्यावर विसंबून राहणार नाही. पण कानाला तेवढा तो शब्द पडावा. लोक का खोटं बोलतात, हे पोरीनं विचारलं होतं. त्याचं उत्तर पार्बताबाईला आज नीट कळलं.

आचलनं खिडकीच्या गजातून हात बाहेर काढला आणि आजीचं मनगट धरलं.

“आजी, जातो मी.”

“आचल!” वर्षाली ओरडली. “हे काय अमंगय!” कुंदननंही डोळे वटारले. खाली पिंकीनं तोंडाला हात लावला.

“तुमाले काई नाई समजत,” आचल आईकडं वळून म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. “येतो म्हनलं त आजी दारात बसते. जेवत नाई मंग. वाट पायल्यानं कसं होते ते मले मालूम हाय.” मग ती पुन्हा आजीकडं वळली. “सांजी दिवा लावजो, आजी. अंधारात बसू नोको.”

“हाव माय,” पार्बताबाई म्हणाली. “लावतो.”

बस गेली. पियुषचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत होता, तो ‘माय, माय’ म्हणत होता आणि आता त्याची माय त्याच्या शेजारीच बसलेली होती.

पार्बताबाई घरी आली. तिनं म्हशीला वैरण घातली, उद्याचा सांबार उपटला, धुतला, वाळक्या केळीच्या सालीनं जुड्या बांधल्या. खुंटीवरचा संक्रांतीचा फ्रॉक तसाच होता. आता तो आचलला काय, बाहुलीलाही लहान. तिनं तो काढला नाही. एका माणसाची भाकर थापायला पीठ किती घ्यायचं ते तिला उमजेना, तिनं तिघांचं मळलं आणि परात तशीच झाकून ठेवली. गल्लीत दिवे लागायला लागले.

पोरीनं सगळं नीट सांगून ठेवलं होतं. करार साधा होता, जो जातो म्हणून गेला त्याची वाट पाहायची नाही. पार्बताबाईनं तो दोन-अडीच वर्षं पाळला होता.

अंधार पडल्यावर पिंकी वाटीत भाजी घेऊन आली, आणि अंगणातच थबकली.

“काकी, घरी नाई का? लाईट काहून बंद हाय?”

“इथीच हाओ,” आतून आवाज आला.

“मंग लावा नं दिवा.”

“लावतो,” पार्बताबाई म्हणाली. भिंतीशी स्टुलावर ती बसली होती, आणि तिचा हात बटनावरच होता.